वाळूफुलाची नोंद

१

पावसाळ्यात वसईत कोरडं राहणं कुणाच्याच नशिबात नसतं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या बुटांवर बुरशी चढते, पापड तर हातात धरला की मान टाकतो. हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असूनही माणिकपूरच्या एका कॉलेजने आपलं हर्बेरियम ठेवलं होतं ते सगळ्यात वरच्या मजल्यावर, गळक्या गच्चीच्या बरोबर खाली. शहाण्या माणसांनी एकत्र बसून घेतलेले निर्णय असेच असतात.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दफ्तर. झाड मुळासकट उपटायचं, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचं, जाड कागदावर दोऱ्याने टाचायचं आणि उजव्या कोपऱ्यात लेबल चिकटवायचं: काय, कुठे, कधी, कोणी गोळा केलं. अशा चार हजार शीट नऊ लोखंडी कपाटांत रचलेल्या होत्या. त्यांची राखण करायला माणूस एकच, इनेझ. तीही अकरा महिन्यांच्या करारावर.

इनेझ चौतीस वर्षांची होती आणि तिला सहावा महिना लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या खेपेला घरात सगळे श्वास रोखून वावरत होते. सासूने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली होती. नवरा युजीन रोज सकाळी अंधेरीच्या ऑफिसला निघण्याआधी तिच्या पोटावर हात ठेवून दोन मिनिटं गप्प बसायचा. इनेझने तर काळजीचा कहर केला होता. जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून पूर्वी पाऱ्याचं विषारी द्रावण लावत, म्हणून ती ग्लोव्हज आणि मास्क घातल्याशिवाय कपाटाच्या कडीलाही हात लावत नसे. हे मूल तिला हवं होतं. बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

दर सोमवारी ती कपाटांतल्या पुरचुंड्या तपासायची. त्यांत निळे खडे असतात. ओल शोषली की ते गुलाबी होतात, मग त्यांना भट्टीत तापवून पुन्हा निळं करायचं. जुलैत दोन दिवसांत सगळ्या कपाटांतले खडे गुलाबी व्हायचे.

त्या सोमवारी सातव्या कपाटातले खडे निळे होते. पुढच्या सोमवारीही निळेच.

"बरंय की मॅडम, एक कपाट तरी गुनाचं निघालं," लॅबमधल्या आशालता मावशी म्हणाल्या. मावशी कामण बाजूच्या भातशेतीवाल्या. वीस वर्षं या मजल्यावर झाडू-पोछा करत होत्या. इनेझला ते पटलं. दरवाजा घट्ट बसत असेल, अशी नोंद करून ती पुढच्या कपाटाकडे वळली.

२

सातव्या कपाटात खालच्या कप्प्यात एक फोल्डर होता. कॉलेजचे जुने प्राध्यापक प्लासिड सर, देव त्यांना शांती देवो, १९७९ साली राजस्थानच्या पार टोकाला वाळवंटात जाऊन आले होते आणि तिथून एका रानफुलाच्या अकरा शीट घेऊन आले होते. त्या फुलाचं लॅटिन नाव हातभर लांब. कॉलेजात सगळे त्याला वाळूफूल म्हणत. पुढे त्या जागेचं अभयारण्य झालं. आता तिथून गवताची काडी उचलली तरी गुन्हा, आणि ते फूल तर गेल्या कित्येक वर्षांत तिथे कुणाला दिसलेलंही नाही. म्हणून विभागप्रमुख चंद्रहास सरांनी ठरवलं होतं की सप्टेंबरअखेर या अकरा नोंदी वनस्पतींच्या ऑनलाइन पोर्टलवर चढल्याच पाहिजेत.

इनेझ नोंदी करत गेली. अकराही लेबलं एकाच बारीक, तिरक्या अक्षरात. जमीन: कोरडी वाळू. जवळचे पाणी: नाही. दुसऱ्या शीटवर: जवळचे पाणी: नाही. तिसऱ्या शीटवर तेच. तिला एक गोष्ट मात्र खटकली. हर्बेरियममधल्या जुन्या शीटवर सहसा एखादी चिठ्ठी सापडतेच: अमक्याने तमक्या साली फूल काढून तपासलं. या अकरा शीटवर पंचेचाळीस वर्षांत एकही चिठ्ठी नव्हती.

"लोक काय आळशी असतात," ती मनाशी म्हणाली.

मग पोर्टलवाल्या तज्ज्ञांचं पत्र आलं. ओळख पक्की करायला फुलाच्या आतला फोटो हवा. यात नवल काही नव्हतं. वाळलेलं फूल असं उघडत नाही, मोडतं. म्हणून त्यातलं एक काढून कोमट पाण्यात ठेवायचं. दहा मिनिटांत ते मऊ होतं, उलगडतं. बघून झालं की पुन्हा वाळवून शीटवरच्याच कागदी पाकिटात घालायचं. इनेझने हे शेकडो वेळा केलं होतं.

नऊ नंबरच्या शीटवर एकच फूल होतं, पण सगळ्यांत धड. तिने ते चिमट्याने देठावरून अलगद सोडवलं, काचेच्या बशीत ठेवलं आणि वरून पाणी सोडलं.

पाण्यात ठेवलेल्या फुलाला आकार परत येतो, रंग कधी येत नाही. या फुलाला आला. तपकिरी चोळामोळ्यातून एकेक पाकळी सुटली आणि पिवळी झाली, ओल्या हळदीसारखी पिवळी. इनेझ हरखून गेली. सरांना बोलवायला ती जवळजवळ पळतच गेली, सहाव्या महिन्यात जमेल तितकी.

दोघं परत आले तेव्हा बशीत फूल होतं, पाणी नव्हतं.

"सांडलंस वाटतं," सर म्हणाले. तिने पुन्हा पाणी घातलं. सर मोबाइल काढून फोटोचा कोन जुळवेपर्यंत बशी कोरडी. टेबलही कोरडंच. तिसऱ्यांदा घातलं. सर आपल्या कॅमेऱ्यावर खूश होते, त्यांचं लक्ष नव्हतं. "वा, इनेझ! आत्ता तोडल्यासारखं दिसतंय," असं म्हणून फोटो घेऊन ते तासाला निघून गेले.

आता फूल परत ठेवायचं. त्याचा केसाएवढा एक पुंकेसर सुटून बशीला चिकटला होता. असल्या बारीक गोष्टी उचलायला ब्रशचं टोक ओलं लागतं. तिने पाण्याची बाटली घेतली, तर ती रिकामी. सकाळी लिटरभर भरली होती आणि आपण दोनच घोट प्यालो हे तिला नीट आठवत होतं. आणि मग वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने चोरून केलेली, प्रत्येक शिक्षकाने ज्यासाठी कान उपटलेली गोष्ट तिच्या हाताने आपोआप केली. तिने मास्क खाली ओढला, ब्रशचं टोक जिभेला लावलं, पुंकेसर टिपला, पाकिटात सोडला, आणि तेच टोक पुन्हा जिभेला लावून फूलही उचललं.

मग ती चरकली. पारा! तिने धावत जाऊन नळाखाली दहा वेळा चूळ भरली. याबद्दल ती घरी काहीच बोलली नाही. चूक मूर्खासारखी होती आणि तिला तिची लाज वाटत होती.

३

दुसऱ्या दिवसापासून तिला तहान लागू लागली.

बाहेर धो धो पाऊस आणि हिचे ओठ फुटलेले. हाताची साल निघत होती. खोलीतही काहीतरी बदललं होतं. पावसाने फुगून बसलेल्या खिडक्या, ज्या डिसेंबरपर्यंत कधी लागत नसत, त्या आता बोटाने ढकलल्या तरी लागत होत्या. भिंतीवरचा ओलीचा नकाशा फिका होत होता. एका कोपऱ्यात पाल मेलेली सापडली. तिला वास नव्हता. सपाट, कडक, चारही पाय नीट पसरलेले. मावशींनी ती सुपलीत घेतली तेव्हा सुकलेल्या पानासारखी वाजली.

"मॅडम, लादी पुसते नं मी," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "दारापाशी पोचेपर्यंत मागची सुकते. भर पावसात! पानी जाते कुठं?"

"वारा असेल, मावशी."

"वारा हाय कुठं? खिडक्या तर बंद."

इनेझने विषय बदलला. पण दुपारी एकटी असताना तिने पहिल्यांदा तो आवाज ऐकला. नवं मडकं आणलं आणि त्यात पाणी ओतलं की माती पाणी पिते, तेव्हा कान लावला तर एक बारीक आवाज येतो. अगदी तसाच. सातव्या कपाटातून येत होता. ती उठली की थांबायचा, बसली की सुरू व्हायचा. आपले कान वाजतात, गरोदरपणात असं होतं, असं तिने स्वतःला दोनदा समजावलं.

महिन्याची सोनोग्राफी माणिकपूरच्याच नर्सिंग होममध्ये होती. डॉक्टर विनिता बोलायला मोकळ्या, एरवी मशीन फिरवताना गप्पा मारणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी मशीन दोनदा फिरवलं आणि गप्पा मारल्या नाहीत.

"बाळ छान आहे. पण भोवतीचं पाणी कमी झालंय. मागच्या वेळी पंधरा सेंटिमीटर होतं, आता नऊ. पाणी पितेस की नाही?"

"दिवसाला पाच लिटर पिते, डॉक्टर."

"मग लघवीला सारखं जावं लागत असेल."

इनेझने विचार केला. कालपासून ती एकदाच गेली होती.

युजीन बाहेर थांबला होता. तो आत यायच्या आधी तिने डॉक्टरांना ब्रशची गोष्ट सांगून टाकली. डॉक्टर रागावल्या, लगेच रक्त तपासायला पाठवलं. चार दिवस इनेझ झोपली नाही. रिपोर्ट आला: रक्तात पारा नाही, काहीच नाही. रिपोर्ट चांगला आला एवढंच कळून युजीनने पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

तिला मात्र वाटलं, पारा निघाला असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर औषध तरी असतं.

४

इनेझ शास्त्र शिकलेली बाई. भीती वाटते म्हणून हात जोडून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने दोन सारखी काचपात्रं घेतली, दोन्हीत मोजून दोनशे मिलिलिटर पाणी भरलं. एक बाहेर व्हरांड्यात ठेवलं, एक सातव्या कपाटासमोर. स्वतः जिन्यात जाऊन बसली.

तासाभराने व्हरांड्यातल्या पात्रात दोनशेला थोडं कमी होतं. कपाटासमोरच्या पात्रात काही नव्हतं. काच इतकी कोरडी होती की आत धूळ बसली होती. तिने बोट फिरवलं. धूळ नव्हती ती, रेती होती. बारीक, पिवळट, इथल्या किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीसारखी मुळीच नाही.

मग तिने ग्लोव्हज चढवले, कपाट उघडलं, फोल्डर काढला आणि नऊ नंबरची शीट टेबलावर ठेवली. पाकीट उघडलं. पाकीट रिकामं होतं.

फूल देठावर होतं.

वाळलेलं, तपकिरी, चोळामोळा झालेलं. जिथून तिने चिमट्याने काढलं होतं तिथेच, काही घडलंच नसल्यासारखं. तिने शीट सरांच्या केबिनमध्ये नेली.

"अगं, तू दुसऱ्याच शीटवरचं काढलं असशील," चंद्रहास सर हसून म्हणाले. "अशा दिवसांत होतो विसरभोळेपणा. माझी मिसेस तर फ्रिजमध्ये चाव्या ठेवायची."

इनेझ शीट घेऊन आपल्या टेबलाशी परत आली. तिच्या कॉम्प्युटरवर स्कॅन होता, फूल काढलं त्या दिवशी संध्याकाळी घेतलेला. नऊ नंबरची शीट, तिचंच लेबल, रिकामा देठ. तिने स्क्रीन आणि शीट शेजारी शेजारी धरून कितीतरी वेळ पाहिलं. मागे कपाटातून काहीच आवाज येत नव्हता. आवाज टेबलावरून येत होता.

५

त्याच संध्याकाळी तिने काम सोडल्याचं पत्र लिहिलं आणि घरी बसली. गाव वसईच्या पश्चिमेला, केळी-माडांच्या वाडीतलं घर, पायाखाली चिखल, चहूबाजूंनी पाणीच पाणी. इथे काय होणार आहे? सासू दर तासाला शहाळं फोडून देई. ती डाव्या कुशीवर पडून राही आणि पोटातली हालचाल मोजत बसे. सकाळी दहा. दुपारी सात. दुसऱ्या दिवशी चार.

पुढच्या सोनोग्राफीत आकडा सहा होता.

"पाचच्या खाली गेलं तर बाळ बाहेर काढावं लागेल," डॉक्टर विनिता म्हणाल्या. "आता सातवा महिना. मी खोटं बोलणार नाही, बाळ खूप लहान आहे. आठवडाभर बघू."

परतीच्या रिक्षात युजीन तिचा हात धरून रडला. इनेझला रडायचं होतं. डोळे चुरचुरले, बाकी काही झालं नाही. त्यातून थेंबही आला नाही.

घरी आल्यावर तिने मावशींना फोन लावला. एवढं सगळं ऐकून घेणारं दुसरं कुणी तिला सुचेना. मावशींनी हसण्यावारी नेलं नाही आणि घाबरवलंही नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तुमी त्याला पानी किती दिलं होतं?"

"बशीभर. तीनदा."

"आमच्या खाचरात उन्हाळी भेगा पडतात नं, तवा कळशीनं काय होत नाय. कळशीभर ओतलं तर भेग आनखी मागते. पाट सोडावा लागतो मॅडम, तवा शेत गप होते."

इनेझने फोन ठेवला. तिच्या शिक्षणाने सांगितलेलं एकही कारण तिला उरलं नव्हतं. आणि वाडीच्या टोकाला बावखल होतं.

६

बावखल म्हणजे विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान, गोड्या पाण्याचं, दगडी पायऱ्यांचं. वसईच्या जुन्या वाड्यांना पूर्वी त्याच्यावर शिंपणं व्हायचं. ऑगस्टअखेरीस ते वरच्या चार पायऱ्या सोडून भरलेलं असतं, दोन हत्ती बुडतील एवढं.

नऊ नंबरची शीट मावशींनीच आणली. भर दुपारी, चटईत गुंडाळून, रिक्षाने. चोरीच होती ती, अभयारण्य झालेल्या जागेची पंचेचाळीस वर्षं जपलेली वस्तू. इनेझने आयुष्यात कधी लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत केलं नव्हतं. पण तिला अपराधी वाटलं नाही. तिला फक्त घाई झाली होती.

सासू चर्चमध्ये मिस्साला गेली होती. युजीन ऑफिसात. मावशी वर काठावर थांबल्या. इनेझ एका हाताने भिंत धरून पायऱ्या उतरली, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली आणि चटई उलगडली. पाण्याची पातळी कुठे आहे हे कळावं म्हणून तिने भिंतीवर खडूने रेघ ओढली. अजूनही तिला मोजमाप हवं होतं.

मग तिने शीटकडे पाहिलं.

झाड होतं. मुळं होती. दोऱ्याचे टाके, लेबल, रिकामं पाकीट, सगळं होतं. देठावर फूल नव्हतं.

"मावशी, वाटेत पडलं का काही?"

"नाय मॅडम. घट्ट बांधलं होतं मी."

तिने चटई झटकली. पायरी चाचपली. पाकीट पुन्हा उलटं केलं. रेतीचे चार कण पडले, तेवढेच. पडलं असेल रिक्षात, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, म्हणजे ते खरं वाटेल. मग तिने शीट पाण्यावर ठेवली.

कागद तरंगला, कडेने काळा होत गेला, वाकला आणि संथपणे खाली गेला. तिला वाटलं होतं पाणी खवळेल, पातळी सरसर उतरेल, तो आवाज होईल. काहीच झालं नाही. एक बेडूक पलीकडच्या पायरीवरून उडी मारून पाण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी खडूची रेघ पाण्याला टेकलेली होती. चौथ्या दिवशी पावसाने पाणी रेघेच्या वर चढलं. बावखल एक बोटभरही आटलं नाही.

आणि इनेझची तहान गेली. सकाळी उठली तर ओठ मऊ, तोंडात लाळ. दिवसातून सहा वेळा तिला संडासाकडे धावावं लागलं आणि दर वेळी ती आनंदाने धावली. मावशींचा फोन आला, सातव्या कपाटातले खडे गुलाबी झाले होते, खिडक्या पुन्हा अडकत होत्या, लादी वाळता वाळत नव्हती. सोनोग्राफीला जाताना युजीनने वाटेत तीन वेळा क्रूसाची खूण केली.

"चौदा!" डॉक्टर विनितांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "काय केलंस गं? बघ, कसं मजेत पोहतंय."

इनेझच्या जिवात जीव आला. ती रडली, आणि या वेळी खरोखरीची आसवं आली, कानापर्यंत ओघळली. फक्त रात्री झोपताना एक विचार तिच्या मनात येऊन गेला. बावखल आटलं नाही, खोली ओली झाली, मीही ओली झाले. मग ते आता कुठून पितं? तेवढ्यात पोटात बाळाने जोरदार पाय मारला, आणि तिने तो विचार तिथेच सोडून दिला.

७

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. दिवस भरून, रीतसर, सव्वातीन किलोची. सगळी बोटं जागच्या जागी. नर्सिंग होमच्या नर्स सँड्रा म्हणाल्या की वीस वर्षांच्या नोकरीत एवढी झटकन अंगावर पिणारी पोरगी त्यांनी पाहिली नव्हती. तोंड लावलं की सुटायचं नाव नाही. इनेझलाही दूध भरपूर. सासूच्या तर आनंदाला पारावार उरला नाही, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली.

"आन अंग बघा हिचं, कसं तुकतुकीत. न्हाऊ घातलं की पुसायला पन लागत नाय. टॉवेल आनेपर्यंत कोरडी!"

सगळे हसले. युजीन सगळ्यांत जास्त हसला. तो गेले पाच महिने हसलाच नव्हता.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर इनेझ अंगणात उन्हाला बसली होती. मुलगी मांडीवर पीत होती. समोर कपडे वाळत घालायची दोरी होती आणि दोरीवर युजीनचे दोन शर्ट होते.

तिने सहज विचारलं, "ममी, लंगोट कुठे वाळत टाकलेत?"

"धुतलेच नाय अजून. नर्सिंग होममध्ये ती सँड्रा धुवायची नं? घरी आल्यापासून तू बदलतेस वाटते."

"मी?"

"मग कोन? मी तर नाय बदलला."

इनेझने फोन काढून सँड्राला लावला. सँड्रा हसून म्हणाल्या, "नाही हो, मला वाटलं तुमच्या ममीच बदलतायत. मी एकही नाही धुतला."

इनेझने फोन ठेवला. मुलीला घेऊन आत गेली, दार लावून घेतलं. पिशवीत सासूने शिवलेल्या चोवीसपैकी तेवीस लंगोट होते, जुन्या मलमलीचे, घडी घातलेले. तिने एकेक उलगडून पाहिला, गालाला लावला. मुलीच्या कमरेचा सोडला, तोही पाहिला. चार दिवस झाले होते. मुलगी तासातासाला पीत होती. चोवीसच्या चोवीस कोरडे होते.

मुलगी पलंगावर पडून तिच्याकडे बघत होती. गाल भरलेले, डोळे काळेभोर, लकाकणारे. इतकं सुंदर मूल तिने जन्मात पाहिलं नव्हतं. इनेझला भीती वाटली. ती पलंगाच्या कडेवर बसली. डॉक्टरांना सांगायला हवं, हे तिला कळत होतं. सांगितलं की ते मुलीला घेऊन जातील, सुया टोचतील, नळ्या घालतील, कुठल्यातरी काचेच्या पेटीत ठेवून वर लेबल चिकटवतील. आणि मग तिला प्यायला कोण देईल?

बाहेर सासूची हाक आली, "इनेझ, लंगोट दे गं, धुऊन टाकते. ऊन हाय तोवर."

"असू दे ममी, मीच धुते," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

ती लंगोट घेऊन मागच्या मोरीत गेली. नळ सोडला. एकेक लंगोट धारेखाली नीट भिजवला, साबण लावला, पिळला, आणि दुपारच्या उन्हात सगळ्यांना दिसतील असे चोवीसच्या चोवीस दोरीवर ओळीने घातले. मग हात पुसून, ब्लाउजची बटणं सोडत, मुलगी रडायच्या आत ती घाईघाईने खोलीत परत गेली.